कोंबड्याच्या पिसाची माशी

थ्रेशरचा आवाज कानावर आला की मला माझ्या थोरल्या बहिणीचा उजवा हात आठवतो. तसा दोन्हींचा काही संबंध नाही. पण मी एसटीच्या मेहकर आगारात वाहक आहे, आणि आश्विन लागला की माझी गाडी ज्या रस्त्याने जाईल त्या रस्त्याच्या कडेला सोयाबीनचे ढीग पडलेले असतात. थ्रेशर धडधडत असतात आणि भुसा उडून गाडीच्या काचांवर बसत असतो. थांब्याथांब्यावर बाया सीताफळांच्या टोपल्या घेऊन चढतात आणि सबंध गाडीला पिकल्या सीताफळाचा वास येतो. उन्हाला अजून चटका असतो, पण संध्याकाळ लवकर उतरायला लागलेली असते. अशा वेळी गाडी एखाद्या तलावाजवळच्या थांब्यावर उभी राहिली की माझी नजर पाण्याकडे जाते. पाण्यावर एक बारीक वर्तुळ उमटतं, पसरतं, विरून जातं. कुठल्याशा माशाने वर येऊन काहीतरी टिपलेलं असतं. पूर्वी मला हे दिसायचं नाही. त्या एका वर्षाने ते दाखवलं.

ताईचं नाव वनमाला. उंद्रीला दिलेली. भाऊजी, प्रल्हादराव, गावच्या नळयोजनेचं पाणी सोडतात. सकाळ-संध्याकाळ व्हॉल्व्ह फिरवायचे, कुठे पाइप फुटला तर खोदून जोडायचा, आणि उरलेल्या वेळात गावाबाहेरच्या पाझर तलावावर गळ टाकून बसायचं, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. ताई शिलाईकाम करायची. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीखाली मशीन, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि खाली कापडांची गाठोडी. गावातल्या बायांची ब्लाउजं तिच्याकडेच. तिची शिवण उलटी करून पाहिली तरी सुलटीच वाटायची. मापाची टेप गळ्यात इतकी कायमची की जेवायला बसली तरी ती काढायचं तिच्या ध्यानात यायचं नाही.

त्या वर्षी पेरणीच्या दिवसांत एका सकाळी तिच्या हातातून कात्री पडली. ती उचलायला ताई वाकली आणि तशीच एका कुशीवर कलंडली. उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. दवाखान्यात वेळेत पोचली म्हणून जीव वाचला. हळूहळू जीभ सुटली, पाय ओढत का होईना, चालू लागली. राहिला तो हात. तो तिच्या मांडीवर पडून असायचा, कुणीतरी ठेवून विसरून गेल्यासारखा.

तिची मुलगी लांब दिलेली, आणि तेव्हा नेमकी बाळंतपणाची. म्हणून सुटी मिळाली की मी चिखलीला गाडी बदलून उंद्री गाठायचे. दरवेळी पुढच्या खोलीतलं काहीतरी कमी झालेलं दिसायचं. ज्यांची कापडं शिवायला आलेली होती त्या बाया एकेक करून येत, तब्येतीची चौकशी करत, चहा घेत, आणि उठताना अवघडून आपलं कापड मागत. कुणाच्या घरी लग्न होतं, कुणाची लेक सासरी जायची होती. त्यांचं काही चुकत होतं असं नाही. ताई डाव्या हाताने गाठोडं सोडून ज्याचं त्याचं कापड काढून द्यायची. कुठलं कुणाचं, हे तिला कधी विचारावं लागलं नाही. शेवटचं गाठोडं रिकामं झालं त्या दिवशी तिने भाऊजींना मशीनवर चादर टाकायला सांगितलं.

विहारातही ती जाईनाशी झाली. वर्षावासाचे दिवस होते, पावसाळ्यातले तीन महिने रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन असायचं. एरवी ताई सगळ्यांच्या आधी जाऊन सतरंज्या टाकायची. आता घरात बसून लाउडस्पीकरवरची वंदना ऐकायची. मी एकदा आग्रह केला तेव्हा म्हणाली की तिथे हात जोडावे लागतात, आणि तिचे जुळत नाहीत.

डॉक्टरांनी बोटांचे व्यायाम सांगितले होते. एक रबरी चेंडू दाबायचा, वाटीतले हरभरे एकेक उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचे. थोडे दिवस झाले आणि चेंडू डब्यात गेला, हरभरे उसळीत गेले. मी रागावले.

"संगे," ती म्हणाली, "ह्या बोटानं म्या काजं केले, हुका लावल्या. आता त्याईले हरबरे येचाले लावू काय?"

आवाज चढलेला नव्हता. 

दिवसभर पडून पडून ती मोबाइल बघायची. डाव्या अंगठ्याने सरकवत राहायचं, जे येईल ते पाहायचं. त्यातच कधीतरी तिला एक गोरा म्हातारा सापडला. त्याच्या पुढ्यात एक छोटा शिकंजा होता, शिकंज्यात गळाचा आकडा. त्या आकड्याला तो रंगीत दोरा गुंडाळायचा, पीस बांधायचा, आणि बघता बघता त्या आकड्याची माशी व्हायची. ही खोटी माशी पाण्यावर टाकली की मासा तिला खरी समजून गिळतो, हे पुढे चित्रात दाखवलं होतं. तो काय बोलत होता ते ताईला कळत नव्हतं, पण दोरा कळत होता. मी गेल्यावर तिने मला ते दाखवलं.

"पाह्य, दोरा कसा ढिला सोडून राह्यला. एका धुण्यात उसवन."

कित्येक आठवड्यांनी ती कुणाच्या तरी हातकामाला नावं ठेवत होती. मी चहा करायला म्हणून आत गेले आणि चुलीपाशी नुसतीच उभी राहिले. इतकं बरं वाटत होतं.

भाऊजींना मात्र ते सगळं हसण्यासारखं वाटलं. मासा गांडुळावर येतो, कणकेच्या गोळीवर येतो, पिसाला तो कशाला तोंड लावेल, असं त्यांचं म्हणणं. माशाला भूक लागली असेल तर खाऊ घालावं, बिचाऱ्याला फसवता काऊन, असंही त्यांनी विचारलं. पण आकड्यांची डबी त्यांनीच काढून दिली, आणि त्यातले बारीक आकडे वेगळे करून दिले.

प्रश्न होता आकडा धरायचा कशात. भाऊजींनी पकड आणली, ती दाराच्या फटीत अडकवून पाहिली, पण ती हलायची. ताई बराच वेळ मशीनकडे बघत बसली. मग मला म्हणाली, चादर काढ. मी काढली. सुई काढून ठेव म्हणाली, तीही काढली. मग तिने डाव्या हाताने मशीनचा फूट उचलला, शिवताना कापड दाबून धरतो तो. त्याच्याखाली चिंधीची घडी ठेवली, आकड्याचा वाकडा भाग त्यात सरकवला आणि फूट खाली सोडला. आकडा घट्ट बसला, सरळ दांडी बाहेर राहिली. ताईने स्टूल ओढून घेतलं आणि आपल्या नेहमीच्या जागी बसली. पाणी सोडायची वेळ झाली असं म्हणत भाऊजी बाहेर गेले. वेळ झालेली नव्हती.

पहिली माशी करायला सबंध दुपार गेली. डाव्या हाताने तिला सहज जमलं असतं, पण दोरा उजव्यानेच गुंडाळायचा हा तिचा हट्ट. बोटं दोरा धरायची आणि दुसऱ्याच क्षणी सोडून द्यायची. रीळ घरंगळत पलंगाखाली जायचं. मी उचलून द्यायचे. ती पुन्हा पहिल्यापासून. कपाळावर घाम, ओठ दाताखाली. शेवटी जे तयार झालं ते पाहून आम्ही दोघी हसलो. भिजून मेलेल्या झुरळासारखं काहीतरी होतं ते. ताईने ते फेकलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरला टोचून ठेवलं.

मग त्या घरात पिसांचे दिवस आले. शेजारच्या घरी एक तांबडा कोंबडा होता, मोठ्या तोऱ्याचा. त्याच्या मानेची पिसं लांब, चिवट आणि तेलकट चमकीची. अंगणात पडलेलं प्रत्येक पीस वेचून आमच्याकडे येऊ लागलं. असं पीस आकड्याला एका टोकाने बांधून गोल फिरवलं की त्याचे केस उभे राहतात आणि माशीला पाय फुटतात. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ती जादूच वाटली होती, आणि अजूनही वाटते. अंगासाठी अस्तराच्या कापडातून ओढलेले धागे. शेपटीला शेळीचे केस. तरंगणारी माशी हवी तर जुन्या स्लीपरच्या रबराची पातळ काप. डोक्याशी गाठ मारली की त्यावर माझ्या नेलपॉलिशचा थेंब, म्हणजे गाठ सुटत नाही. माझ्या ड्युटीच्या पिशवीत आता तिकिटाच्या मशीनशेजारी कबुतराची पिसं आणि जरीचे तुकडे सापडायचे. एका प्रवासी बाईने सुटे पैसे घेताना ते पाहिलं आणि विचारलं, कुणाला दृष्ट लागली का. मी हो म्हणून टाकलं.

ताईची बोटं कधी सुधारली ते नेमकं सांगता येणार नाही. असं काही एका दिवसात होत नसतं. एवढंच आठवतं की रीळ पलंगाखाली जायचं कमी झालं. तर्जनी आणि अंगठा दोऱ्यावर थांबायला लागले. कॅलेंडरवर माश्यांची रांग वाढत गेली आणि प्रत्येक माशी आधीच्या माशीपेक्षा बारीक, नेटकी होत गेली. मी डावीकडून उजवीकडे ती रांग बघत जायचे. डॉक्टरच्या कुठल्याही कागदाने मला तितकं सांगितलं नसतं.

भाद्रपद सरता सरता आम्ही तलावावर जायला लागलो. माशीचं वजन नसल्यासारखंच, त्यामुळे भाऊजींनी लांब, लवचीक बांबूची काठी तासली आणि ताईने मशीनच्या दोऱ्यांचा पीळ घालून दोरी वळली, वर जाड आणि टोकाकडे निमुळती. टोकाला तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक दोरा, त्याला माशी. काठी मागे न्यायची, दोरी मागे पूर्ण उलगडू द्यायची, मग पुढे. भाऊजींनी पहिल्यांदा फेकली ती त्यांच्याच टोपीत अडकली. ताई बांधाच्या दगडांवर बसून बघत होती. तिने त्यांना सांगितलं की मागे गेल्यावर जरा दम खा, घाई केली की टाका तुटतो. भाऊजींनी दम खाल्ला, आणि दोरी सरळ गेली.

मासे मात्र येईनात. म्हणजे यायचे, चिलापी वर यायची, माशीजवळ थांबायची, बघायची आणि वळून जायची. संध्याकाळ गेली, दुसऱ्या सुटीची संध्याकाळही गेली. शेजारी गांडुळावर बसलेली पोरं मासे काढत होती आणि आमच्याकडे बघून हसत होती. भाऊजींनी एकदा हळूच सुचवलं की पिसाखाली थोडं गांडूळ लावून बघू. ताईने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांनी डबी परत खिशात घातली.

तिने बघणं सुरू केलं. काठी बाजूला ठेवून नुसतं पाण्याकडे बघत बसायची. ऊन कलतं तेव्हा पाण्यावर राखाडी रंगाची बारीक चिलटं उतरायची. त्यातली जी वर वर तरंगायची त्यांच्याकडे मासे फारसे वळत नसत. ज्यांचे पंख भिजले, जी अर्धी बुडाली, ज्यांना वरही उठता येत नव्हतं आणि खालीही जाता येत नव्हतं, त्यांच्यावर मासे येत. हे आम्हाला कुणालाच दिसलं नव्हतं. ताईला दिसलं. घरी जाऊन तिने स्लीपरचं रबर काढून टाकलं, पिसाचे केस अर्ध्याहून जास्त छाटले आणि मेंढीच्या लोकरीच्या राखाडी धाग्यावर एकच विरळ वेढा दिला. बोटाच्या पेरावर मावेल एवढी ती माशी, मळकट, दिसायला काहीच नाही. पाण्याच्या बादलीत टाकून बघितली. ती बुडाली नाही आणि तरंगलीही नाही. पाण्याच्या पापुद्र्याला आतून चिकटून राहिली.

पुढच्या सुटीच्या संध्याकाळी ती म्हणाली, आज काठी मी धरते.

भाऊजींनी काही म्हणायच्या आत ती पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली, आजारी पाय एका दगडाला टेकवून. तोल गेला तर, म्हणून मी मागे उभी. काठी उजव्या हातात, डावा हात आधाराला. पहिली फेक पायाशीच पडली. दुसरीही. नंतरची फार लांब नाही गेली, पण सरळ गेली. माशी पाण्याला टेकली आणि दिसेनाशी झाली. पलीकडच्या शेतातला थ्रेशर चालू होता, हवेत भुशाचा वास होता.

पाणी जरासं फुगलं, एवढंच. ताईने काठी उचलली. दोरी ताठ झाली, काठीचं टोक वाकलं, थरथरायला लागलं. भाऊजी धावले, काठी धरायला त्यांनी हात पुढे केला.

"राहू द्या," ताई म्हणाली. "माह्या हातात हाय."

तेव्हा मी तिच्या हाताकडे पाहिलं. चेंडूभोवती कधी मिटली नाहीत ती चारही बोटं बांबूभोवती मिटली होती. अंगठा त्यांच्यावर. पेरं पांढरी पडली होती. मासा एका बाजूला पळायचा, काठी तिकडे वळायची, आणि हात काठीबरोबर वळायचा, काठी सोडायचा नाही. मला कुणाला तरी हाक मारून हे दाखवायचं होतं, पण दाखवण्यासारखी दोघं तिथेच होती.

तळहाताएवढी चिलापी निघाली. राखाडी अंगावर पट्टे, पोटाशी पिवळसर. भाऊजींनी ती ओल्या हाताने धरली. ताईने माशाकडे नंतर पाहिलं. आधी त्याच्या ओठातून माशी सोडवली, डोळ्यांजवळ नेली, उलटीसुलटी केली.

"दोरा सुटला नाई," ती म्हणाली.

मग तिने मासा पाण्यात सोडून दिला. वर्षावासात ती मांस-मासळी खात नाही, हे आम्हाला ठाऊक होतं, आणि आकड्याची उलटी टोकं तिने आधीच पकडीने चेपून घेतली होती, माशाला कमी लागावं म्हणून. तरी भाऊजी हळहळले. एवढी मेहनत करून सोडून दिला, असं घरी पोचेपर्यंत म्हणत राहिले. ताई हसत राहिली. माशाला दुखलं नसेलच असं ती म्हणाली नाही. त्या रात्री जेवताना एवढंच म्हणाली की उद्यापासून आणखी लहान आकडा घेऊ.

आश्विन पौर्णिमेला विहारात वर्षावासाचा समारोप होता. ताई आली. मागे भिंतीशी बसली. वंदनेच्या वेळी तिने डाव्या हाताने उजवा उचलून घेतला, पण बोटं बोटांना आपणहून लागली. नंतर खिरीच्या पातेल्याशी ती उभी राहिली आणि पळी उजव्या हातात घेतली. एका म्हातारीच्या ताटाबाहेर थोडी खीर सांडली. म्हातारीने ताट तसंच धरून ठेवलं. ताईने पळी पुन्हा भरली.

पुढे काय झालं ते सरळ सांगते, कारण असल्या गोष्टी ऐकताना माणसाला वाटतं की हात पूर्ण बरा झाला असेल. तो झाला नाही. कात्री तिला आजही जमत नाही, आणि मोठं कापड बेतणं तिने सोडलं ते सोडलंच. कुणी ब्लाउज बेतून आणलं तर ती शिवते, सावकाश. थंडीच्या सकाळी बोटं आखडतात, मग चुलीपाशी बसून शेकावी लागतात. कधी कधी ती त्यांच्यावर चिडतेही. पण तो हात आता कुणी ठेवून विसरून गेल्यासारखा पडलेला नसतो. कुठे ना कुठे गुंतलेला असतो. मला वाटतं, मी आयुष्यात खूप हात पाहिले, रोजच पाहते, पैसे पुढे करणारे, गर्दीत दांडा धरणारे, मूल सावरणारे. पण परत शिकणारा हात मी एवढाच जवळून पाहिला, आणि त्याच्याइतका देखणा हात मला दुसरा माहीत नाही.

भाऊजी अजून गांडूळच लावतात. मात्र तलावावर कुणी नवखा दिसला की ताईच्या माशीची गोष्ट तेच सांगतात, आणि प्रत्येक वेळी चिलापी जरा मोठी होते.

यंदा सोयाबीनची सोंगणी सुरू झाली तशी मी सुटी काढून उंद्रीला गेले. ताई म्हणाली, इतकी वर्षं बघते आहेस, आज तू बांध. मी मशीनपाशी बसले. माझी दोन्ही हातांची बोटं धडधाकट, दिवसभर तिकिटं देणारी. पण दोरा घसरला, पीस तिरकं बसलं, गाठीचा गोळा झाला. ताईने ते पुढ्यात ओढलं आणि उजव्या हाताने एकेक वेढा उलगडायला घेतला. त्याला वेळ लागला. मी थांबले. सगळा दोरा मोकळा करून तिने माझ्या हातात दिला.

"पुन्हा गुंडाळ. घट्ट, पन त्याचा जीव नको घेऊ."

दुसरी बरी झाली. ती घेऊन आम्ही तलावावर गेलो. माझ्या माशीजवळ एक चिलापी आली, थांबली, आणि निघून गेली. मी निराश झालेली पाहून ताई म्हणाली की पाहायला तरी आली, तिच्या पहिलीकडे कुणी फिरकलंही नसतं. उद्या पुन्हा बघू म्हणाली. उद्या माझी ड्युटी आहे, मी म्हटलं.

"मंग पुढच्या सुटीले," ती म्हणाली, आणि काठी माझ्याकडून घेऊन एका पावलाने पुढे झाली. दोरी आमच्या डोक्यांवरून मागे गेली, पूर्ण उलगडली, क्षणभर तशीच राहिली, आणि पुढे येऊन इतकी हलकेच टेकली की पाणी हललं नाही.